स्कॅन केलेल्या रेखाटनांची साफसफाई: कागद काढायचा, रेष राखायची

रेषाळ

मंडळी, कागदावर ठसठशीत दिसणारं चित्र स्कॅन केलं की पडद्यावर मलूल का दिसतं, आणि ते पुन्हा ठसठशीत करताना रेषेची वाट लागू नये म्हणून काय करायचं, यावर इकडेतिकडे विखुरलेले बरेच प्रतिसाद आहेत. ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. माझं बरंचसं काम शाईचं, म्हणून सुरुवात तिथून करतो. पेन्सिलवाल्यांनी आणि रंगवाल्यांनी आपापली भर घालावी.

आधी मलूलपणाचं कारण. आपला डोळा कागदाला पांढरा मानून चालतो. स्कॅनर तसं काही मानत नाही, तो फक्त परत येणारा प्रकाश मोजतो. शून्य म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं धरलं, तर साधा कागद साधारण २३०-२४० वर येतो आणि काळी शाई ३०-४० वर. हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या आकड्याचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख, उघडून पाहा. उजवीकडे एक उंच डोंगर दिसेल, तो कागद. डावीकडे छोटा उंचवटा, ती शाई. दोघांच्या मधे पातळ पसरलेली पट्टी दिसते, त्या रेषांच्या कडा. निब कुठे दाबली, कुठे उचलली, कागदाच्या खरखरीवर रेष कुठे फाटली, ते सगळं या मधल्या पट्टीत असतं. साफसफाई करायची म्हणजे दोन्ही डोंगर आपापल्या टोकाला ढकलायचे आणि मधली पट्टी शक्य तितकी शाबूत ठेवायची. बाकीची सगळी साधनं याच एका कामासाठी आहेत.

स्कॅन ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत, करा आणि शाईसाठी ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० पिक्सेल) ठेवा. ३०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये जेमतेम १२ पिक्सेल येतात. ०.१ मिमीच्या पेनाची रेष तिथे जेमतेम एका पिक्सेलची होते, आणि एका पिक्सेलच्या रेषेत जाड-बारीक असं काही उरतच नाही. ६०० ला तीच रेष सव्वादोन-अडीच पिक्सेल घेते, ०.५ मिमीची रेष बारा. ए४ कागद ६०० ला ४९६० गुणिले ७०१६ पिक्सेल होतो, ग्रेस्केलमध्ये साधारण ३५ एमबी. आजच्या संगणकाला हे काही जड नाही.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं 'ऑटो' नावाचं जे जे दिसेल ते बंद करा. ऑटो एक्सपोजर, शार्पन, पार्श्वभूमी काढणं, सगळंच. हे निर्णय तुमच्या डोळ्यांसमोर, मागे घेता येतील अशा रीतीने व्हायला हवेत. फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबतं, त्यामुळे काळ्या रेषेभोवती फिकट ठिपक्यांची झालर येते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, पण लेव्हल्स (काळं आणि पांढरं कुठे धरायचं ते ठरवणारं साधन, पुढे येतंच) ताणल्या की लगेच उठून येते आणि मग ती काढायला रेषेच्या कडेला खोडरबर फिरवत बसावं लागतं.

आता लेव्हल्स. चित्रं हाताळायच्या सॉफ्टवेअरपैकी फोटोशॉपमध्ये कंट्रोल-एल, गिंपमध्ये कलर्स मेनूत, क्रिटामध्ये फिल्टरच्या अ‍ॅडजस्टमध्ये. काळा स्लायडर शाईच्या उंचवट्याच्या माथ्यापाशी आणा. पांढरा स्लायडर कुठे थांबवायचा, हा खरा प्रश्न. कागदाच्या डोंगराच्या माथ्यावर थांबलात तर अर्धा कागद करडाच राहतो आणि पानभर धूसर रवा दिसतो. डोंगराच्या डाव्या पायथ्याशी आणलात की कागद पूर्ण पांढरा होतो. त्याच्याही पुढे गेलात तर बारीक रेषा तुटायला लागतात. शाईसाठी मी डाव्या पायथ्यावर थांबतो आणि जिथे बारीक रेषा जास्त असतील तो भाग शंभर टक्के झूमवर बघून एखादा आकडा मागे घेतो. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून पांढरा स्लायडर सरकवला तर पडदा काळा होतो आणि जे पूर्ण पांढरं झालंय तेवढंच पांढरं दिसतं. कागदाचे उरलेले डाग तिथे लगेच सापडतात.

हे सगळं अ‍ॅडजस्टमेंट लेअरवर, म्हणजे चित्रावर ठेवलेल्या वेगळ्या थरावर करा, मूळ स्कॅनला हात लावू नका. क्रिटामध्ये फिल्टर लेअर आहे. गिंपमध्ये ३.० आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२५ पासून, बरेचसे फिल्टर नंतर बदलता येतील असे लावता येतात.

धूळ, केस, ठिपके यांवर पुढच्या प्रतिसादात लिहितो.

कोरापान

उत्तम धागा. एक शंका. स्कॅनरमध्येच 'ब्लॅक अँड व्हाइट' हा पर्याय असतो. चित्र काळ्या शाईचंच आहे, तर थेट तोच निवडला तर? फाइलही लहान होते.

रेषाळ

कोरापान, त्यात प्रत्येक पिक्सेल काळा की पांढरा हे स्कॅनर जागच्या जागी ठरवतो आणि मधली पट्टी कायमची टाकून देतो. रेषेची कड जिन्यासारखी होते. तो उंबरठा स्कॅनरने चुकीच्या ठिकाणी धरला तर परत मागे जाता येत नाही. ग्रेस्केल हातात असेल तर तोच निर्णय तुम्ही नंतर, हव्या त्या ठिकाणी, हव्या तितक्या वेळा घेऊ शकता. शेवटी छपाईसाठी शुद्ध काळं-पांढरं लागतं ते वेगळं, पण ते शेवटी.

शिसपेन्सिल

रेषाळ, शाईपुरतं सगळं मान्य. पण इथे नवीन येणारे हेच जसंच्या तसं पेन्सिलच्या चित्रावर लावतात आणि मग 'माझी छायाच उडाली' म्हणून विचारतात. म्हणून पेन्सिलचं सविस्तर लिहिते.

पेन्सिलच्या हिस्टोग्राममध्ये दोन डोंगर नसतातच. कागदाच्या डोंगराची डावी बाजू उतरत उतरत जाते आणि त्या उतारावरच सगळं चित्र असतं. हलक्या हाताने घासलेली एचबीची छटा कागदापेक्षा पंधरा-वीस आकड्यांनी गडद असते, बस. पांढरा स्लायडर डाव्या पायथ्याशी आणणं म्हणजे गालावरची, कपड्याच्या घडीतली, आकाशातली छटा कापून टाकणं. राहतात त्या फक्त बाहेरच्या रेषा, आणि चित्र कुणी दुसऱ्यानेच गिरवल्यासारखं दिसतं.

म्हणून पेन्सिलला पांढरा स्लायडर मी माथ्याच्या जरा उजवीकडेच थांबवते. कागद थोडा करडा राहतो. राहू द्या. पेन्सिलचं चित्र कागदावरच जगतं, त्याच्यामागे निखळ पांढरं आलं की छटा अधांतरी तरंगायला लागतात. पार्श्वभूमी पांढरीच हवी असेल, तर चित्राच्या बाहेरच्या मोकळ्या जागेपुरता मास्क (बदल कुठे लागू व्हावा ते ठरवणारा पडदा) करून तिथे वेगळी लेव्हल लावा आणि मास्कची कड भरपूर मऊ ठेवा.

काळ्या टोकाचंही तसंच. ग्रॅफाइट शाईसारखं काळं होत नाही, ते चमकतं. ६बीने दाबून भरलेला भाग स्कॅनरच्या दिव्यात करडा येतो, कधीकधी शेजारच्या २बीपेक्षाही फिकट. काळा स्लायडर ओढून तो भाग काळा करायला गेलात तर मधल्या छटाही सोबत खाली जातात. त्यापेक्षा कर्व्ह्ज, म्हणजे छटा वक्ररेषेने बदलणारं साधन, घ्या. खालचं टोक थोडं आत आणा, मधला बिंदू जागेवर धरून ठेवा, वरचं टोक जवळजवळ हलवू नका.

आणखी एक. पेन्सिलचं स्कॅन १६ बिटमध्ये करा. ८ बिटमध्ये एकूण २५६ पायऱ्या असतात आणि पेन्सिलचं चित्र त्यातल्या कदाचित शंभरेक वापरतं. त्या ताणल्या की मधे फटी पडतात, हिस्टोग्राम कंगव्यासारखा दिसतो आणि गुळगुळीत छायेत पट्टे उमटतात. १६ बिटमध्ये फाइल दुप्पट होते, पण पट्ट्यांचा प्रश्नच येत नाही. सगळं आवरल्यावर ८ बिट करा.

रेषाळ

शिसपेन्सिल, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मूळ धाग्यात 'फक्त शाईसाठी' असं ठळक करून टाकतो.

आता धूळ. पहिली गोष्ट, ती काचेवरच पकडा. मायक्रोफायबर कापडाने काच पुसा. द्रव वापरायचाच असेल तर कापडावर घ्या, काचेवर थेट फवारलात तर कडेच्या फटीतून आत जातो. खोडरबराचा चुरा कागदावरून मऊ ब्रशने झाडा. हाताने झाडलात तर पेन्सिल फासते.

उरलेले ठिपके शोधणं हे काढण्यापेक्षा अवघड काम. पांढऱ्यावर अतिफिकट करडा ठिपका पडद्यावर दिसत नाही, छापल्यावर दिसतो. त्यासाठी सगळ्यात वर एक तात्पुरता लेव्हल्सचा लेअर ठेवा आणि त्यात काळा स्लायडर ओढत २४५-२५० पर्यंत न्या. चित्र भयानक दिसेल, पण जे जे शुद्ध पांढरं नाही ते सगळं काळं होऊन समोर येईल. बोटांचे ठसे, पुसलेल्या रेषांचे व्रण, कागदाची घडी. तो लेअर चालू ठेवून खालच्या लेअरवर पांढऱ्या ब्रशने साफ करा, मग तपासणीचा लेअर बंद करा.

डेस्पेकल किंवा डस्ट अँड स्क्रॅचेस असा ठिपके काढणारा फिल्टर पूर्ण चित्रावर कधीच लावू नका. तो फिल्टर आकार बघून ठरवतो. टिंबांनी केलेली छाया, भुवईचा तुटक केस, डोळ्यातला प्रकाशबिंदू हे त्याच्या लेखी धुळीसारखेच. मोकळ्या जागेवर सिलेक्शन करून तेवढ्यापुरता लावा.

वाचनमात्र२

आवडता धागा म्हणून साठवला. माझ्याकडे स्कॅनर नाही, मोबाइलने फोटो काढते. एका कोपऱ्यात उजेड, दुसऱ्या कोपऱ्यात हाताची सावली. लेव्हल्स लावल्या की एक बाजू पांढरी होते आणि दुसरी काळी. यावर काही उपाय आहे का, की स्कॅनरशिवाय जमतच नाही?

अर्धाछटा

जमतं. लेव्हल्स सगळ्या चित्राला एकच नियम लावतात, आणि तुमच्या फोटोत कागदाचा पांढरा जागोजागी वेगळा आहे. म्हणून आधी प्रकाश सपाट करायचा, मग लेव्हल्स.

लेअरची प्रत काढा. प्रतीवर मीडियन ब्लर लावा आणि त्रिज्या इतकी वाढवा की रेषा पूर्ण नाहीशा होतील, फक्त सावलीचा ढगाळ उतार उरेल. मीडियन हा शेजारच्या पिक्सेलमधला मधला आकडा घेतो, त्यामुळे कागद जास्त आणि रेष कमी असेल तर रेष गळून पडते. गॉशियन ब्लर सरासरी काढतो, म्हणून त्यात रेषांची काजळी राहते आणि दाट रेषांभोवती फिकट वलय येतं. मीडियननंतर थोडा गॉशियन लावला तर उतार मऊ होतो, तेवढं चालतं. आता या प्रतीचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या लेअरशी मिसळायची रीत, डिव्हाइड करा. खालचं चित्र वरच्या धूसर प्रतीने भागलं जातं. जिथे नुसता कागद आहे तिथे आकडा स्वतःनेच भागला जातो, उत्तर एक, म्हणजे पांढरं. सावलीतला कागद आणि उजेडातला कागद दोन्ही एकदम पांढरे होतात, रेष तेवढी राहते. फोटोशॉपमध्ये डिव्हाइड मोड सीएस५ पासून आहे, गिंप आणि क्रिटातही आहे.

याची मर्यादाही लक्षात घ्या. मोठा काळा भरलेला भाग असेल, समजा केसांचा गच्च काळा आकार, तर मीडियन त्यालाही कागद समजतो आणि त्याचं पोट पांढरं करून टाकतो. तिथे धूसर प्रतीवरच, त्या काळ्या भागाच्या जागी, आजूबाजूच्या कागदाचा रंग ब्रशने भरून घ्या आणि मग डिव्हाइड करा.

फोटो काढताना फ्लॅश नको. खिडकीच्या बाजूने येणारा उजेड, कागद सपाट, मोबाइल कागदाला समांतर, आणि थोडा दूर जाऊन झूम. अगदी जवळून काढलात तर लेन्समुळे कडेच्या सरळ रेषा वाकतात.

वाचनमात्र२

करून पाहिलं. सावली पूर्ण गेली. केसांच्या भागाला तुम्ही म्हणता तसंच झालं होतं, प्रतीवर रंग भरल्यावर ते नीट आलं. मनापासून आभार.

निळीरेघ

कच्चं रेखाटन पुसण्यात जो वेळ आणि कागद जातो, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. फिक्या निळ्या पेन्सिलीने कच्चं काढा, वरून शाई करा आणि काहीही न पुसता रंगीत स्कॅन करा. मग लाल, हिरवा, निळा प्रकाश वेगवेगळा दाखवणाऱ्या चॅनेल्स पॅनेलमध्ये जाऊन फक्त निळा चॅनेल घ्या. निळी पेन्सिल निळा प्रकाश जवळजवळ कागदाइतकाच परत पाठवते, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये ती कागदात मिसळून जाते. काळी शाई तिन्ही रंग शोषते, त्यामुळे ती तशीच काळी राहते. गिंपमध्ये कलर्सच्या कंपोनंट्समध्ये एक्स्ट्रॅक्ट कंपोनंट आहे, त्याने एका पायरीत होतं.

ही युक्ती संगणकाच्या आधीची. छपाईच्या कॅमेऱ्यातली फिल्म निळ्याला पांढऱ्यासारखंच उमटवायची, म्हणून व्यंगचित्रकार आणि मांडणी करणारे खुणा फिक्या निळ्याने करत. कच्चं लाल पेन्सिलीने काढत असाल तर लाल चॅनेल घ्या, तत्त्व तेच. पेन्सिल फार दाबून चालवली तर मात्र थोडी खूण राहतेच, ती लेव्हल्समध्ये जाते.

पुसण्याचा त्रास वाचतो हा एक फायदा. मला त्याहून मोठा वाटतो तो असा की खोडरबर शाईवरून फिरला की शाईचा काळेपणाही थोडा उचलतो. न पुसलेली शाई स्कॅनमध्ये स्पष्ट जास्त गडद येते.

कोरापान

हे तत्त्व पिवळ्या पडलेल्या कागदाला उलटं लागू होईल ना? माझ्याकडे जुन्या वहीतली शाईची चित्रं आहेत, कागद पिवळा-तपकिरी झालाय आणि मधे मधे डाग आहेत.

निळीरेघ

बरोबर ओळखलंत. पिवळा कागद निळा प्रकाश शोषतो, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये तो सर्वांत घाणेरडा दिसतो. तुम्ही लाल चॅनेल घ्या. पिवळेपणा आणि तपकिरी डाग दोन्ही तिथे सर्वांत फिके असतात. शाई शुद्ध काळी असेल तर एवढ्याने निम्मं काम होतं. पण जुन्या शाईला तपकिरी झाक आली असेल तर लाल चॅनेलमध्ये तीही फिकी पडते. तेव्हा हिरवा चॅनेल बघा, किंवा चॅनेल मिक्सरमध्ये लाल आणि हिरवा यांचं प्रमाण हाताने जुळवा.

आणि वहीच्या पानांसाठी, पानामागे काळा कागद ठेवून स्कॅन करा. झाकणाचा पांढरा भाग मागच्या पानावरची शाई उजेडून पुढे आणतो. काळा कागद ठेवला की पान एकसारखं थोडं गडद येतं, पण पाठीमागचं चित्र दिसायचं जवळजवळ थांबतं. एकसारखा गडदपणा लेव्हल्सने सहज जातो, पाठीमागची चित्रं मात्र हाताने पुसत बसावी लागतात.

रंगभरण

रंग भरणाऱ्यांचा प्रश्न राहिला. बरेच जण जादूच्या कांडीने, म्हणजे मॅजिक वाँडने, पांढरं निवडून डिलीट करतात. मग खाली गडद रंग घातला की प्रत्येक रेषेला पांढरी किनार दिसते. रेषेच्या कडेचे करडे पिक्सेल म्हणजे काळं आणि कागदाचा पांढरा यांचं मिश्रण, आणि कांडी ते मिश्रण सोडवू शकत नाही. एकतर ठेवते नाहीतर काढते.

खाली फक्त रंग भरायचा असेल तर काही काढायची गरजच नाही. रेषेचा लेअर मल्टिप्लायवर ठेवा आणि खालच्या लेअरवर रंगवा. पांढऱ्याने गुणलं की रंग तसाच राहतो, काळ्याने गुणलं की काळं.

रेष सुटीच हवी असेल, तिचा रंग बदलायचा असेल, तर गिंप आणि क्रिटामध्ये कलर टू अल्फा आहे. पांढरा रंग द्या, तो प्रत्येक पिक्सेलमधला पांढऱ्याचा वाटा पारदर्शकतेत बदलतो. आधी लेव्हल्स नीट लावलेल्या हव्यात. शाई ४० वर असताना हे केलं तर रेषा पूर्ण काळी न होता अर्धपारदर्शक काळी होते आणि तिच्यातून खालचा रंग डोकावतो. फोटोशॉपमध्ये चॅनेल्सवर कंट्रोल दाबून वरच्या एकत्र चॅनेलच्या चित्रावर क्लिक करा, सिलेक्शन उलटं करा, नवीन लेअरवर काळा भरा. परिणाम तोच. मग अल्फा (पारदर्शकता) लॉक करून रेषेला हवा तो रंग द्या. त्वचेभोवतीची रेष गडद तपकिरी केली तरी चित्राचा सगळा नूर बदलतो, जरूर करून बघा.

रेष सुटी झाली की ठिपके शोधायची आणखी एक सोपी रीत मिळते. लेअरला दहा पिक्सेलची लाल स्ट्रोक (बाहेरची किनार) द्या. मोकळ्या जागेतला एका पिक्सेलचा ठिपकाही लाल टिकलीएवढा मोठा दिसतो. गिंपमध्ये अल्फावरून सिलेक्शन घ्या, दहा पिक्सेलने वाढवा आणि खालच्या लेअरवर लाल भरा.

रेषेत फटी असतील तर बादलीने रंग ओतल्यावर तो पानभर पसरतो. फट बुजवायला रेष जोडू नका, ती फट चित्रकाराने ठेवलेली असते. गिंपच्या बादलीत २.१० मालिकेपासून रेषाचित्र ओळखून भरण्याचा पर्याय आहे, तो छोट्या फटी मनातल्या मनात बंद धरतो. क्रिटात कलराइझ मास्क आहे. दोन्हीत रेष तशीच राहते.

छापखाना

छपाईच्या बाजूने. रेषाचित्र ग्रेस्केलमध्ये छापायला दिलं की करड्या कडांची जाळी पडते, म्हणजे बारीक ठिपक्यांत रूपांतर होतं. पुस्तकात रेषा केसाळ दिसते ती यामुळे. म्हणून छपाईसाठी १ बिट, म्हणजे फक्त काळं किंवा पांढरं, आणि रिझोल्यूशन छापायच्या आकाराला किमान ६०० डीपीआय, नाजूक काम असेल तर १२००.

थ्रेशोल्ड, म्हणजे काळं की पांढरं ठरवणारा उंबरठा, लावण्याआधी चित्र दुप्पट मोठं करा, ६०० चं १२००, बायक्यूबिक या मोठं करण्याच्या पद्धतीने. मग थ्रेशोल्ड. करड्या कडांत साठलेली माहिती तेव्हा जास्त बारीक पायऱ्यांत उतरते आणि वळणं गोल राहतात. थ्रेशोल्ड १२८ वर सोडून देऊ नका. आकडा वाढवलात तर रेषा जाड होतात, कमी केलात तर तुटतात. चित्रातली सर्वांत बारीक रेष आणि छायेसाठी काढलेली रेषांची सर्वांत दाट जाळी, या दोन जागा बघून आकडा ठरवा. बारीक रेष टिकली पाहिजे आणि जाळीतल्या पांढऱ्या फटी बुजता कामा नयेत. एकच आकडा दोन्हीकडे चालत नसेल तर दोन थ्रेशोल्ड लेअर करून मास्कने वाटून द्या.

काही सॉफ्टवेअर उंबरठा आपोआप काढतात, त्यामागे बहुतेक वेळा ओत्सूची १९७९ ची पद्धत असते. ती पिक्सेलचे दोन गट पाडते आणि गटांमधलं अंतर जास्तीत जास्त होईल तिथे रेघ मारते. शाईच्या दोन डोंगरांना ती छान बसते. शिसपेन्सिल यांनी वर सांगितल्याप्रमाणे पेन्सिलला दोन डोंगरच नाहीत, तिथे तिच्यावर विसंबू नका.

फाइल टिफमध्ये ग्रुप ४ कॉम्प्रेशनने द्या. काहीही न गमावता फार लहान होते.

नवशिका_हात

एवढं सगळं करण्यापेक्षा इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप करून चित्राच्या वक्ररेषा (वेक्टर) केल्या तर? किंवा आता एआयची साधनं आहेत, एका क्लिकमध्ये स्वच्छ रेषा देतात. कुणी वापरतं का?

रेषाळ

ट्रेस बिटमॅप मी वापरतो, पण कुठे ते सांगतो. बोधचिन्ह, अक्षरलेखन, जे खूप मोठ्या आकारात छापायचंय, तिथे वेक्टर हवंच. इंकस्केपमागचं पोट्रेस हे इंजिन काळ्या आकाराची बाहेरची कड वक्ररेषांनी बांधतं. त्यात स्मूदिंग आणि ऑप्टिमाइझ हे आकडे वाढवले की निबचे बारीक झटके पुसले जातात आणि सगळ्या रेषा एकाच साच्यातून काढल्यासारख्या होतात. ते आकडे कमी ठेवा, आणि आधी १२०० डीपीआयचं साफ केलेलं चित्र द्या. घाण दिलीत तर घाणीचेही वेक्टर होतात, हजारो.

एआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती साधनं चित्र साफ करत नाहीत, ते पुन्हा काढतात. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून वरच्याचा मोड डिफरन्स करा आणि बघा. जिथे काहीच बदललं नाही तिथे काळं दिसतं. लेव्हल्स लावलेल्या चित्रात फक्त कागद आणि कडा उजळतात. एआयने दिलेल्या चित्रात रेषाच सरकलेल्या दिसतात, बोटाचं पेर जरा सरळ झालेलं असतं, थरथरलेली रेष गुळगुळीत झालेली असते. हाताच्या थरथरीला धूळ समजणारं साधन मला नको. स्वतःच्या कामात ज्याला जे हवं ते त्याने वापरावं, पण दुसऱ्याचं चित्र साफ करून देत असाल, विशेषतः जुन्या माणसाच्या वहीतलं, तर त्याच्या रेषेत बदल करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शिसपेन्सिल

शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. पुसलेल्या रेषांचे व्रणसुद्धा सरसकट काढू नयेत. हात आधी कुठे होता आणि नंतर कुठे सरकला, हे त्या व्रणांवरून दिसतं. शिकणाऱ्याला त्यातून तयार चित्राइतकंच मिळतं.

अर्धाछटा

सहमत. आणि जलरंगाच्या खरखरीत कागदावर पेन्सिल करणाऱ्यांसाठी एक भर. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, म्हणून कागदाच्या प्रत्येक दाण्याला सावली येते आणि पानभर पुरळ उठल्यासारखं दिसतं. कागद एकदा सरळ ठेवून स्कॅन करा, एकदा १८० अंशांत फिरवून. दुसरं स्कॅन संगणकात पुन्हा उलटं करून पहिल्यावर नेमकं बसवा आणि अपारदर्शकता ५० टक्के करा. दाण्यांच्या सावल्या विरुद्ध बाजूंना पडलेल्या असतात, त्या बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. पेन्सिल दोन्हीत तीच असल्यामुळे टिकते.

वहीवाला

माझ्याकडे एका मालिकेची दोनेकशे पानं आहेत, सगळी शाईची. प्रत्येकावर हे हाताने करणं शक्य नाही. अ‍ॅक्शन (पायऱ्यांची नोंद) रेकॉर्ड करून ऑटो लेव्हल्स लावावं का?

छापखाना

ऑटो लेव्हल्स नको. ते प्रत्येक पानाचं सर्वांत गडद आणि सर्वांत फिकं टोक बघून ताणतं, म्हणून गच्च काळं पान आणि मोकळं पान वेगळ्या प्रमाणात ताणलं जातं. पुस्तकात समोरासमोर आले की रेषेचा काळेपणा जुळत नाही. कागद एकच, पेन एकच, स्कॅनर एकच आणि ऑटो बंद, तर आकडेही एकच. सर्वांत अवघड तीन-चार पानांवर हाताने आकडे ठरवा आणि तेच सगळ्यांना लावा. फोटोशॉपची अ‍ॅक्शन चालेल किंवा इमेजमॅजिक या आज्ञांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची लेव्हल ही आज्ञा. एक सावधगिरी, इमेजमॅजिकची मॉग्रिफाय ही आज्ञा मूळ फाइलवरच लिहिते. आउटपुट वेगळ्या फोल्डरमध्ये जाईल अशी सोय करूनच चालवा.

पानं तिरकी असतील तर स्कॅन टेलर हे सॉफ्टवेअर बघा, ते सरळ करणं आणि समास समान करणं चांगलं करतं. तिरकं पान थ्रेशोल्डच्या आधी फिरवा, नंतर नाही. आणि एकदाच फिरवा. दर वेळी फिरवताना सगळे पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि कड जरा जरा मऊ होत जाते.

वाचनमात्र२

एक शेवटचं विचारते. चित्र ए३ आहे आणि आता ए४ चा स्कॅनर मिळालाय. दोन भागांत स्कॅन केलं तर जोड दिसतो.

रेषाळ

दोन्ही स्कॅनमध्ये तीन-चार सेंटिमीटर भाग सामाईक राहील असं करा आणि चित्र दोन्ही वेळा त्याच दिशेने ठेवा, उलटं फिरवू नका, नाहीतर दिव्याची बाजू बदलते. झाकण बंद होत नसेल तर कागदावर सपाट पुठ्ठा ठेवून वजन द्या. हल्लीच्या पातळ स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो, त्याला काचेपासून मिलिमीटरभर वर उचललेला कागदही धूसर दिसतो, आणि ए३ कागद नेमका काचेच्या कडेवर उचलला जातो. त्यामुळे कडेचा सेंटिमीटरभर भाग जोडासाठी धरूच नका.

वरच्या लेअरचा मोड डिफरन्स करा आणि तो सरकवत सामाईक भाग काळा होईपर्यंत आणा. आधी एक ठळक बिंदू जुळवा, मग त्याच्याभोवती दशांश अंशांनी फिरवा. बसलं की मोड नॉर्मल करा आणि मास्कने जोड कापा. सरळ उभी रेघ मारून कापू नका. मोकळ्या कागदातून वाट काढत, रेषांना शक्य तितकं कमी ओलांडत न्या. जिथे रेष ओलांडावीच लागेल तिथे ती आडवी, काटकोनात ओलांडा, लांबीच्या दिशेने नको. फोटोशॉपचं फोटोमर्ज वापरलंत तर रिपोझिशन हाच पर्याय घ्या, बाकीचे चित्र वाकवू शकतात. लेव्हल्स जोडल्यावरच लावा. आधी लावल्यात तर दोन्ही भागांतला कागद पांढरा होतो आणि जोड बसलाय की नाही हे बघायला कागदाचा पोत उरत नाही.